उस्ताद कोणी ठेवावा?

सुरतेहून निघून मुंबई-अहमदाबाद राजमार्गाकडे आले म्हणजे तापीच्या काठी कामरेज लागते. आजच्या प्रवाशाला हे नाव ठाऊक असते ते तेथील चौफुलीमुळे आणि मोटारींच्या गर्दीमुळे. गाव मात्र पुरातन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात भडोचकडे जाणाऱ्या खाडीच्या तोंडाशी ‘कम्मोनी’ नावाच्या गावाचा उल्लेख येतो. ते गाव म्हणजेच कामरेज असावे, असे काही संशोधकांचे मत आहे. मराठी वाचकाला मात्र या गावाचे नाते इतके दूर जाऊन शोधावयास नको. सुरत शहर इंग्रजांच्या अमलाखाली असताना त्याच्या शेजारचे कामरेज गायकवाडी मुलखात होते. बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातील तो एक महाल होता. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा हा महाल सुरत जिल्ह्यात आला. आणि १ मे १९६० रोजी त्या जिल्ह्यासह तो गुजरात राज्याचा भाग झाला.

आज सुरत वाढत वाढत कामरेजच्या वेशीला येऊन भिडली आहे. हिऱ्याच्या घंटीवर दिवसभर मान वाकवून बसणारा कारागीर, कापडाच्या पेढीवरचा गुमास्ता, खानदेशातून येऊन उधना-लिंबायतच्या बाजूला स्थायिक झालेला मराठी कामगार, या सर्वांच्या जीवनात एक गोष्ट समान आहे. शरीर बसून किंवा एकाच जागी उभे राहून झिजते आणि चाळिशीच्या सुमारास वैद्य व्यायामाची आज्ञा करतो. मग प्रश्न उभा राहतो. व्यायामशाळेची वर्गणी भरून आपला आपण व्यायाम करावा, की निराळे पैसे मोजून केवळ स्वतःसाठी एक शिक्षक ठेवावा? महिन्याच्या मिळकतीतून हा खर्च काढावयाचा असल्याने प्रश्न किरकोळ नाही. शिवाय चुकीच्या हाती दिलेले शरीर पैशांप्रमाणे पुन्हा मिळवता येत नाही.

हा प्रश्न नव्या शहरी राहणीतून निघाला आहे, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक ज्या गायकवाडी राज्यात कामरेज होते, त्या राज्यात आणि त्याच्याशी संबंध असलेल्या मराठी मुलखात या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच देण्यात आली. ती उत्तरे कोणी, कोणत्या परिस्थितीत दिली आणि त्यांचा निष्कर्ष काय निघाला, हे पाहिले असता आजच्या माणसाला आपला निर्णय घेणे सोपे जाईल.

पहिले उत्तर राजवाड्याचे. २७ मे १८७५ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक बसला. हेच पुढे महाराज सयाजीराव गायकवाड या नावाने प्रसिद्ध झाले. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या या मुलाला राजा करावयाचे होते, म्हणून त्याच्या शिक्षणाची जबाबदारी एलियट या इंग्रज शिक्षकावर सोपविण्यात आली. अक्षरओळखीपासून राज्यकारभारापर्यंत सर्व काही शिकविण्याची व्यवस्था झाली, आणि तिच्यात घोड्यावर बसणे, कुस्ती, मल्लखांब यांनाही जागा होती. प्रत्येक विद्येसाठी त्या विद्येतील जाणता मनुष्य राजवाड्यात नेमावयाचा, ही पद्धत. खासगी व्यायामशिक्षकाचे याहून संपन्न उदाहरण सापडणे कठीण. मुलाला शिक्षकाकडे जावे लागत नव्हते. शिक्षकच मुलाकडे येत होता.

या व्यवस्थेचा लाभ निःसंशय झाला. सयाजीरावांना व्यायामाचे महत्त्व जन्मभर पटलेले राहिले आणि प्रजेच्या व्यायामालाही त्यांनी उदार आश्रय दिला. परंतु या कथेची दुसरी बाजूही विसरता कामा नये. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याची पूर्ण सूत्रे हाती आल्यावर महाराजांनी कामाचा असा सपाटा लावला, की काही वर्षांतच त्यांची झोप उडाली आणि प्रकृती ढासळली. १८८७ साली ते प्रथम युरोपास गेले, ते प्रामुख्याने प्रकृतीसाठी. घोड्यावर बसविणारे आणि कुस्तीचे डाव शिकविणारे शिक्षक ज्याच्या दाराशी होते, त्याचीही प्रकृती अतिश्रम आणि चिंता यांच्यापुढे टिकली नाही. शिक्षक तासभर उभा राहतो. उरलेले तेवीस तास ज्याचे त्यालाच सांभाळावे लागतात. राजवाड्याच्या उत्तरातून निघणारा हा पहिला धडा आहे.

राजवाड्याच्या या पद्धतीला जुनी परंपरा होती. पेशवाईत आणि नंतरच्या संस्थानांतही मल्लांना वेतन देऊन पदरी ठेवीत. मात्र पदरी ठेवलेल्या मल्लांमध्ये दोन प्रकार असत आणि त्यांतील भेद आजही लक्षात घेण्याजोगा आहे. एक मल्ल धन्याच्या नावाने कुस्ती खेळे. त्याचा खुराक सरकारातून चाले आणि तो जिंकला म्हणजे धन्याची शान वाढे. धन्याचे शरीर मात्र होते तसेच राही. दुसरा मनुष्य धन्याला किंवा त्याच्या माणसांना स्वतः मेहनत करावयास लावणारा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील बाळंभटदादा देवधर यांचे नाव या दुसऱ्या प्रकारात प्रामुख्याने घेतले जाते. निजामाच्या मुलखातून आलेल्या दोन नामांकित मल्लांचे आव्हान या तरुण ब्राह्मणाने स्वीकारले, तयारीसाठी तो सप्तशृंगीच्या गडावर जाऊन राहिला आणि परत येऊन त्याने विजय मिळविला, अशी परंपरागत कथा आहे. वानरांच्या उड्या पाहून त्याला मल्लखांबाची कल्पना सुचली, असेही ही कथा सांगते. कथेतील अद्‌भुताचा भाग वगळला तरी एवढे खरे, की मल्लखांबाची विद्या बाळंभटदादांनी नावारूपाला आणली आणि त्यांच्या शिष्यपरंपरेने ती पुण्यापासून काशीपर्यंत नेली. पैलवानाचा विजय त्याच्याबरोबर मातीत जातो. शिकविणाऱ्याची विद्या शिष्यांच्या अंगात राहते. शिक्षकाचे स्वतःचे पिळदार दंड पाहून त्याला नेमणाऱ्याने हा भेद अवश्य ध्यानात ठेवावा. त्याचे दंड त्याने कमावलेले असतात. प्रश्न इतकाच, की ते कमाविण्याची रीत त्याला दुसऱ्याला देता येते किंवा नाही.

दुसरे उत्तर तालमीचे. बडोद्यात जुम्मादादा नावाचे एक मुसलमान उस्ताद होऊन गेले. त्यांच्या हाताखाली एक मराठी तरुण तयार झाला. गजानन यशवंत तांबे हे त्याचे नाव. परंतु पुढे सारा देश त्याला प्रोफेसर माणिकराव म्हणून ओळखू लागला आणि सयाजीरावांनी त्याला ‘राजरत्न’ ही पदवी दिली. माणिकरावांनी जी संस्था वाढविली, तिला स्वतःचे नाव दिले नाही. ती जुम्मादादा व्यायाममंदिर याच नावाने चालली. हिंदू शिष्याने मुसलमान गुरूचे नाव आपल्या जन्माच्या कार्यावर कोरले, हे त्या काळातील तालमीच्या वातावरणाचे बोलके चिन्ह आहे.

तालमीचे काम कसे चालते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगावयास नको. परंतु आजच्या काचेच्या भिंतींच्या व्यायामशाळेत वाढलेल्या पिढीसाठी ते सांगणे जरूर आहे. नवा मुलगा आला म्हणजे त्याला एकदम हौद्यात उतरवीत नाहीत. आधी माती उकरणे, मग जोर, बैठका, नमस्कार. त्याचा दम किती टिकतो, पाठ वाकते की कंबर, गुडघा कोणत्या बाजूला पडतो, हे वस्ताद दुरून पाहत असतो. तो बोलतो थोडे. चूक दिसली, की जवळ येऊन खांद्याला हात लावतो आणि शरीर योग्य जागी आणून सोडतो. एकाच वेळी वीस-पंचवीस जण मेहनत करीत असतात आणि जुने शिष्य नव्यांना सांभाळून घेतात. म्हणजे शिक्षक एक असला तरी डोळे अनेकांचे असतात. त्यातही मासिक पगाराचा करार नसतो. गुरुपौर्णिमेला नारळ, सणावाराला पागोटे किंवा धोतरजोडी, आणि शिष्याने नाव काढले म्हणजे त्याचे समाधान, हा वस्तादाचा मोबदला. यामुळे शिष्याला दीर्घकाळ परावलंबी ठेवण्यात वस्तादाचा काही लाभ नसे. उलट शिष्य लवकर तयार झाला, तर तोच दुसऱ्याला शिकवू लागे आणि वस्तादाचा भार हलका होई.

या व्यवस्थेला दोष नव्हते असे मात्र नाही. वस्ताद चांगला मिळाला तर ठीक. तो हेकट, आळशी किंवा अर्धवट जाणकार असला, तर त्याच्या चुकाही परंपरा म्हणून पुढे चालत. अनेक तालमींत विद्या गुप्त ठेवण्याची खोड होती. शेवटचा डाव शिष्याला न शिकविता स्वतःजवळ राखून ठेवणाऱ्या उस्तादाच्या गोष्टी गावोगाव सांगितल्या जातात, त्या अगदीच निराधार नसाव्यात. शिवाय तालमीत बायकांना प्रवेश नव्हता आणि पन्नाशीच्या कारकुनालाही तेथे लंगोट लावून उतरणे अवघड वाटे.

माणिकरावांचे मोठेपण हे, की त्यांनी तालमीतील विद्या तालमीबाहेर आणली. लाठी, लेझीम, जोडी, मुद्गल यांचे प्रकार शेकडो मुलांना एकाच वेळी करता यावेत अशा रीतीने त्यांनी बसविले. याला ‘संघव्यायाम’ असे नाव पडले. कवायतीच्या इंग्रजी हुकमांऐवजी त्यांनी हिंदी हुकूम रूढ केले, ही त्यांची आणखी एक कामगिरी. मोडलेली हाडे बसविण्यातही त्यांचा हातखंडा होता. शिकविणाऱ्याला शरीराची रचना ठाऊक असली पाहिजे, हा विचार त्या काळातील व्यायामशिक्षकांत दुर्मीळ होता. माणिकरावांच्या ठिकाणी तो प्रत्यक्षात उतरलेला दिसतो. सुरतेत जन्मलेले अंबुभाई पुराणी आणि त्यांचे बंधू छोटुभाई यांनी पुढे गुजरातभर आखाड्यांची चळवळ पसरविली, तिचा उगमही बडोद्याच्या याच वातावरणात आहे. यास्तव दक्षिण गुजरातच्या आजच्या व्यायामशाळांनी आपली वंशावळ केवळ परदेशात शोधू नये.

माणिकरावांच्या एका शिष्याची हकीकत आजच्या प्रश्नाच्या दृष्टीने फार उपयोगी आहे. बडोदे राज्यातील डभोई येथे ३० ऑगस्ट १८८३ रोजी जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे हे १९०७ ते १९१० या काळात माणिकरावांकडे शिकले. पुढे ते खानदेशात अमळनेर येथे शिक्षणकार्य करीत राहिले. १९१९ साली नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदास यांच्याकडे त्यांनी योगाची दीक्षा घेतली. आता दोन समर्थ गुरू मिळालेल्या माणसाने गुरुवचन प्रमाण मानून थांबावयास हरकत नव्हती. परंतु गुणे थांबले नाहीत. उड्डियान आणि नौली या क्रियांच्या वेळी पोटाच्या आत नेमके काय घडते, हे तपासण्यासाठी त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रयोग केले. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापून त्यांनी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. स्वामी कुवलयानंद म्हणून जग ज्यांना ओळखते ते हेच. गुरूविषयी पूर्ण आदर बाळगूनही गुरूने शिकविलेल्या गोष्टीची परीक्षा घेता येते, हे त्यांनी आपल्या आचरणाने दाखविले. शिक्षकाला प्रश्न विचारणे म्हणजे त्याचा अपमान, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावे.

तिसरे उत्तर ग्रंथाचे. सयाजीरावांनी १८९३ साली अमरेलीकडे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली ती सक्ती सर्व राज्याला लागू केली. १९१० पासून बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाच्या साहाय्याने राज्यात गावोगाव वाचनालयांचे जाळे विणले जाऊ लागले. जेथे प्रजेला अक्षर येते आणि पुस्तक हाती पोचते, तेथे उस्तादावाचून विद्या मिळण्याची शक्यता निर्माण होते. बडोद्याच्याच आबासाहेब मुजुमदारांनी ही शक्यता प्रत्यक्षात आणली. त्यांनी संपादिलेला मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत बाहेर पडला. कुस्ती, मल्लखांब, लाठी, आसने, देशी-विदेशी खेळ यांची सचित्र माहिती त्यात एकत्र केलेली आहे. तालमीत जे गुप्त होते, ते छापून सर्वांसमोर आले. उस्तादाच्या मर्जीवर विद्या अवलंबून राहण्याचा काळ या ग्रंथाने संपविला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

परंतु ग्रंथालाही मर्यादा आहे. पुस्तकातील चित्र वाचकाला पाहत नाही. बैठक मारताना टाच उचलली जाते, जोर काढताना कंबर खाली पडते, हे चित्र सांगू शकत नाही. आजचे दूरध्वनीवरचे चलच्चित्र पुस्तकाहून अधिक स्पष्ट असले, तरी या बाबतीत तेही आंधळेच आहे. ते दाखविते, पाहत नाही. शिक्षकाचा खरा उपयोग कोठे सुरू होतो, हे येथे कळते.

चौथे उत्तर औंधचे, आणि ते सर्वांत धीट आहे. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. त्या काळी युजेन सँडो या मल्लाचे नाव जगभर गाजत होते. त्याची पुस्तके, त्याचे डंबेल, त्याचे स्प्रिंगचे साहित्य दूरदेशी विकले जाई, आणि टपालाने सूचना पाठवून शिष्य तयार करण्याचा उद्योगही त्याने उभारला होता. शिक्षक विलायतेत आणि शिष्य आपल्या घरी, अशी ही खासगी शिकवणीची नवी तऱ्हा होती. पंतप्रतिनिधींनी १८९७ च्या सुमारास सँडोचे सर्व साहित्य मागविले आणि सुमारे दहा वर्षे नेमाने त्याप्रमाणे मेहनत केली. छाती भरली, दंड वाढले. तथापि १९०८ साली मिरजेच्या अधिपतींच्या सूचनेवरून त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले, आणि त्यानंतर विलायती साहित्याकडे ते पुन्हा वळले नाहीत.

राजाला पैशाची वाण नव्हती. विलायतेतून साहित्य आणविणाऱ्याला चार उस्ताद पदरी ठेवणे काय अवघड होते? असे असता त्यांनी असा व्यायाम निवडला, की ज्याला साडेसहा फूट लांबीच्या जागेपलीकडे काही लागत नाही. तो राजा आणि राणी, मुले आणि म्हातारी माणसे, सर्वांनी घरच्या घरी करावा, असा त्यांचा आग्रह होता. औंधच्या शाळांतून त्यांनी तो सुरू केला, त्यावर पुस्तक लिहिले, आणि १९३८ साली लंडनमध्ये त्याचे इंग्रजी पुस्तकही प्रसिद्ध झाले. तालमीने ज्या बायकांना दाराबाहेर ठेवले होते, त्यांच्यापर्यंत व्यायाम पोचविण्याचे मोठे श्रेय या घरगुती पद्धतीला आहे. औंधच्या राजाचे उत्तर थोडक्यात असे, की जो व्यायाम रोज करावयाचा, तो इतका साधा असावा की त्यासाठी कोणाची वाट पाहावी लागू नये.

पाचवे उत्तर संस्थांचे. एका राजाला एक उस्ताद हे परवडणारे नव्हते आणि एका माणसाला एक पुस्तक हे पुरेसे नव्हते. तेव्हा शिक्षकच मोठ्या संख्येने आणि शास्त्रशुद्ध रीतीने तयार करावेत, हा मार्ग उरला. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाडा काढला. त्यातून वाढलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बाहेरगावच्या शिक्षकांना व्यायामाचे शिक्षण देण्यास आरंभ केला, आणि १९३६ साली मंडळाच्या पथकाने बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. मुंबई सरकारने १९३७ साली स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षणाचे मंडळ नेमले. १९३८ साली कांदिवलीस व्यायामशिक्षक तयार करणारी सरकारी संस्था निघाली. ‘उस्ताद’ या शब्दाच्या जागी ‘शारीरिक शिक्षक’ हा शब्द आला. मल्लाची कीर्ती हा आता पुरावा राहिला नाही. शरीरशास्त्र आणि अध्यापन यांचे ज्ञान असणे आवश्यक ठरले.

दुर्दैवाने खासगी शिक्षकाच्या बाबतीत ही प्रगती अपुरी राहिली आहे. वैद्याला जशी कायद्याने नोंदणी करावी लागते, तशी व्यायामशाळेतील खासगी शिक्षकाला आजही करावी लागत नाही. प्रमाणपत्रे अनेक आहेत. काही कसून परीक्षा घेऊन दिली जातात, तर काही दोन-चार दिवसांच्या वर्गानंतर हाती पडतात. त्यामुळे परीक्षा घेण्याचे काम नेमणाऱ्यावरच येऊन पडते.

मग कामरेजच्या कारागिराने किंवा गुमास्त्याने काय करावे? वरील पाच उत्तरे शेजारी शेजारी ठेवली असता त्यांतून एक सुसंगत विचार निघतो. व्यायामाला दोन गोष्टी लागतात. एक रीत आणि दुसरी नेम. रीत दुसऱ्याकडून शिकावी लागते. नेम कोणालाही विकत घेता येत नाही. जुम्मादादांनी माणिकरावांना रीत दिली, नेम माणिकरावांचा होता. सँडोने औंधच्या राजाला साहित्य विकले, दहा वर्षांचा नेम राजाचा होता; आणि तो नेम पक्का होता म्हणूनच साहित्य सोडल्यावरही व्यायाम सुटला नाही. यावरून ज्याला रीत येत नाही, त्याने शिक्षक ठेवणे शहाणपणाचे आहे. केवळ नेम पाळवून घेण्यासाठी जो शिक्षक ठेवतो, त्याचा नेम शिक्षकाच्या रजेबरोबर रजेवर जातो.

जड वजने उचलावयाची असतील, हाड किंवा सांधा पूर्वी दुखावलेला असेल, शस्त्रक्रिया झाली असेल, वय उतरत चालले असेल, तर आरंभी जाणत्या माणसाची नजर हवीच. देखरेखीखाली वजने उचलणारे लोक आपली मेहनत अधिक पद्धतशीरपणे वाढवितात आणि त्यांना बळही अधिक येते, असे आधुनिक प्रयोगांतही दिसून आले आहे. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्याने मात्र आधी वैद्याचा सल्ला घ्यावा आणि मग शिक्षकाचा. उलटपक्षी ज्याला केवळ प्रकृती नीट ठेवावयाची आहे, त्याची गरज मोठी नाही. प्रौढ माणसाने आठवड्यात किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारी मेहनत करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. तापीकाठी भरभर चालणे, नमस्कार, जोर आणि बैठका एवढ्यात हे सर्व बसते. यासाठी जन्मभर पगारी माणूस कशाला?

शिक्षक नेमावयाचा ठरलाच, तर त्याची पारख कशी करावी, हेही इतिहास सांगतो. पहिल्या भेटीत तो विद्यार्थ्याच्या आजारांची, कामाची आणि झोपेची चौकशी करतो काय, की लगेच वजने हाती देतो? वस्ताद नव्या मुलाला हौद्यात का उतरवीत नसे, याचे मर्म येथे आहे. तो केवळ आकडे मोजतो, की शरीराची चूक हाताने दुरुस्त करतो? अमुक व्यायाम का, असे विचारले असता त्याला समजावून सांगता येते, की तो रागावतो? तो खुराकाच्या नावाखाली डब्यांतील भुकट्या आणि औषधे विकू पाहतो काय? तसे असेल तर तो उस्ताद नसून दुकानदार आहे. आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा, की तीन महिन्यांनी विद्यार्थ्याला स्वतःचे स्वतः काय करता येईल, हे तो आज सांगू शकतो काय? ज्याच्याजवळ या प्रश्नाचे उत्तर नाही, त्याच्या शिकवणीला शेवट नाही आणि त्याच्या बिलालाही नाही.

खर्चाचा प्रश्नही तालमीच्या रीतीने सुटू शकतो. एकट्याने शिक्षक ठेवण्याऐवजी एका चाळीतील किंवा एका कारखान्यातील चार-सहा जणांनी मिळून दोन-तीन महिन्यांसाठी ठेवावा. रीत शिकून घ्यावी आणि मग एकमेकांच्या चुका एकमेकांनी पाहाव्यात. वर्षातून एकदोनदा त्याच शिक्षकाला पुन्हा बोलावून चुका तपासून घ्याव्यात. माणिकरावांच्या संघव्यायामामागील तत्त्व याहून निराळे नव्हते.

सयाजीरावांपाशी शिक्षक होते, पण तेवीस तासांचा भार त्यांना एकट्याने वाहावा लागला. औंधच्या राजाने साहित्य आणविले आणि मग ते बाजूस सारले. गुण्यांनी गुरू केला, आणि गुरूने दिलेले क्ष-किरणांखाली तपासून घेतले. या तिघांनाही शिकविणारा मिळाला होता. परंतु शिकविणारा निघून गेल्यावर जे उरले, तेच त्यांच्या कामी आले. बडोद्याच्या व्यायाममंदिरावर जुम्मादादांचे नाव राहिले, ते शिष्य गुरूला सोडू शकला नाही म्हणून नव्हे. गुरूने शिष्याला असे तयार केले होते, की गुरूमागेही आखाड्याची माती रोज उकरली जात राहिली. गायकवाडीतील जुन्या महालाच्या आजच्या रहिवाशाने शिक्षक ठेवताना एवढी एकच कसोटी मनाशी धरावी: ज्या दिवशी हा मनुष्य येणार नाही, त्या दिवशी आपली मेहनत होईल काय?